आमच्या समितीची लहान होत गेलेली मागणी

माणसं एकत्र येऊन एखाद्या गोष्टीसाठी भांडली आणि ती मिळाली, तर कुठेतरी कोनशिला बसते. नाही मिळाली तर किस्से उरतात. आमच्या समितीची कोनशिला गावात कुठेही नाही. किस्से मात्र इतके साठलेत की इतवाऱ्याच्या बाजारात दत्तू शिंप्याच्या दुकानात जाऊन बसलं की चहा यायच्या आत दोन तरी निघतातच. माप द्यायला आलेलं गिऱ्हाईक माप विसरून ऐकत बसतं.

भाषेप्रमाणे राज्यं पाडायचं चाललं होतं, त्या वर्षांतले हे किस्से. आमचं बऱ्हाणपूर कोणत्या बाजूला जाणार ते अजून ठरायचं होतं. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि भांडताना दोन्ही, असे आम्ही लोक. पण सोयरीक सगळी खानदेशात, म्हणून आम्ही काही जणांनी एक समिती काढली. मागणी एका ओळीची: आमचा तालुका खानदेशाला जोडून मराठी राज्यात टाका.

अध्यक्ष नाना वकील. चहा मागतानासुद्धा समोर न्यायाधीश बसलाय असं बोलायचे. समितीची कचेरी म्हणजे दत्तूचं दुकान. खेड्यातून माणसं आणायचं काम मंजुळाबाई पाटलांचं. तापीकाठी त्यांची केळी आणि कापूस. नवरा अबोल, त्यामुळे गावात शब्द त्यांचाच चालायचा. आणि मी गावच्या लालबाग वस्तीतल्या प्राथमिक शाळेत मास्तर. सरकारी नोकर, म्हणून समितीच्या कागदावर माझं नाव कुठेही नाही.

*

नाव नव्हतं, पण कागद सगळा माझाच. माझं अक्षर तेव्हा फार सुरेख होतं. नाना येरझाऱ्या घालत मजकूर सांगायचे आणि मी दत्तूच्या कापड कापायच्या फळीवर बसून लिहायचो. पहिला अर्ज बारा पानांचा झाला. खाली सह्या आणि अंगठे. ज्यानं लिहिला, त्याचीच तेवढी सही नव्हती.

महिना-दीड महिन्यानं शाळेत एक शिपाई आला. म्हणाला, "साहेबांनी बोलावलंय."

नोकरी गेली असंच धरून मी सरकारी कचेरीत गेलो. साहेबांच्या टेबलावर आमचाच अर्ज उघडा पडलेला. साहेब हिंदी मुलखातले, माणूस सभ्य. त्यांनी मला बसायला सांगितलं.

"मास्टरजी, सुना है आपका अक्षर बहुत अच्छा है."

साहेब म्हणाले, आमचे मराठीचे बाबू रजेवर आहेत. अर्ज मराठीत आलाय, उत्तरही मराठीतच गेलं पाहिजे. जरा लिहून द्या.

ते हिंदीत सांगत गेले, मी मराठी करत लिहीत गेलो. ‘आपल्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात आला. तथापि...’ तथापिच्या पुढे काय असतं ते सांगायला नको. साहेबांनी खाली सही केली. मी दारापर्यंत गेलो तेव्हा मागून म्हणाले, "अर्जी भी किसी ने बहुत सुंदर लिखी है."

चार दिवसांनी ते उत्तर दुकानात आलं. दत्तूनं लखोटा फोडला आणि वाचायच्या आधीच माझ्याकडे पाहिलं.

"मास्तर, हे तर तुमचं अक्षर."

"हो."

"अर्जही तुमचाच होता."

"हो."

दत्तूनं कागद नानांच्या हातात दिला आणि पुन्हा मशीनवर बसला. "मग एवढं सगळं तुमच्याच हातात होतं, तर एकदा हो लिहून टाकायचं ना."

*

पुढे चौकशीला एक वरचे साहेब आले. रेस्ट हाऊसवर बसून ते लोकांना विचारणार होते, तुमची भाषा कोणती, व्यवहार कुणाशी, राज्य कोणतं पाहिजे. नानांनी पंधरा दिवस एकोणीस साक्षीदारांची तालीम घेतली. कुणी काय बोलायचं, किती बोलायचं, टोपी घालून जायची की काढून, सगळं ठरलं.

पहिला नंबर दत्तूचा. साहेबांनी विचारलं, "आपकी भाषा कौनसी है?"

दत्तू उठून उभा राहिला आणि स्वच्छ आवाजात म्हणाला, "मराठी है, साहब."

बाजूच्या कारकुनानं काहीतरी लिहिलं. पाठोपाठ दुसरा उठला. "जी, हमारी तो पहले से मराठी है." तिसरा म्हणाला, "घर में सब मराठीच बोलते हैं." नानांचा चेहरा बघवत नव्हता. एकोणिसातले सोळा जण आपली भाषा मराठी असल्याचं हिंदीत सांगून आले.

बाहेर आल्यावर नाना दत्तूवर घसरले. "अरे, पंधरा दिवस काय सांगत होतो मी?"

दत्तू कळवळून म्हणाला, "नाना, साहेबांना मराठी येत नाही. समोरच्याला समजणार नाही असं तोंडावर कसं बोलायचं? बरं दिसतं का?"

मंजुळाबाईंनी मात्र आत साहेबांची भाषा पाहिली नाही. त्या आपल्या गावच्या बोलीत बोलल्या. "साहेब, माह्या दोन्ही लेकी रावेरकडे देल्या. तुमी मधात रेघ मारसान तं मी लेकीच्या घरी जाऊ का परमुलखात जाऊ?" साहेबांना त्यातलं निम्मं समजलं असेल. त्यांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकून अस्सल शहरी, त्यालाही नीट कळलं नव्हतं. त्यानं भाषेच्या रकान्यात लिहिलं, ‘स्थानीय बोली’.

मराठीत साक्ष देणाऱ्यांपैकी सर्वांत खरं बोललेली बाई, आणि तिचीच मराठी मराठीत धरली गेली नाही. आज हे सांगताना हसू येतं. त्या दिवशी रेस्ट हाऊसपासून इतवाऱ्यापर्यंत नाना आम्हा सगळ्यांच्या पुढे एकटेच चालत गेले होते.

*

निकाल वर्तमानपत्रातून कळला. दुपारच्या गाडीनं पेपर आला, दत्तूनं फळीवर पसरला, आणि आम्ही नकाशात आपलं गाव शोधलं. रेघ गावाच्या खालून गेली होती. आम्ही होतो तिथेच राहिलो, पण आजवरची राजधानी नागपूर रेघेपलीकडे गेली, नवी राजधानी भोपाळ झाली.

नाना हार मानणारे नव्हते. त्यांनी नवा अर्ज सांगायला घेतला. राज्य नको तर नको, निदान कचेरीत मराठी अर्ज घ्या. तो फेटाळला गेला. मग, मराठी शाळा तरी ठेवा. त्याला उत्तरच आलं नाही. मग, शाळा नाही तर हिंदी शाळेत मराठीचा एक वर्ग तरी ठेवा.

दत्तू एकदा सुई ओवता ओवता म्हणाला, "कापड कमी पडलं की आम्ही कोटाची बंडी करतो. बंडीचं कापड पुरलं नाही तर टोपी. तुमचं टोपीवर आलंय, नाना."

नाना माझ्याकडे वळले. मला म्हणाले, "लिहा."

*

टोपी तरी वाचवायची म्हणून सत्याग्रह ठरला. सरकारी कचेरीसमोर रस्त्यावर बसायचं, पोलीस येतील, पकडतील, तुरुंगात जायचं. नाना, दत्तू आणि आणखी नऊ जण. नोकरीमुळे मी नाही. मी लांब, लिंबाखाली उभं राहून बघायचं.

दत्तूच्या बायकोनं त्याला ओवाळलं. गल्लीतल्या बायांनी डोळ्यांना पदर लावले. प्रत्येकाजवळ पिशवी होती: घोंगडी, तांब्या, दोन धोतरं, चण्याफुटाण्याची पुडी. दत्तूनं दुकान तीन महिन्यांसाठी बंद करून किल्ली मेहुण्याकडे दिली होती.

सकाळी नऊला बसले. बाराला ऊन डोक्यावर आलं. पोलीस आले, सावलीत बाकडं टाकून बसले, आणि बसूनच राहिले. दोनच्या सुमारास नाना स्वतः उठून त्यांच्याकडे गेले.

"आम्ही कायदा मोडतोय, फौजदारसाहेब."

फौजदारानं अदबीनं उठून नानांना खुर्ची दिली. "वकीलसाहेब, ऑर्डर आहे. पकडायचं नाही. पकडलं की पेपरात येतं." मग शिपायाला सांगून त्यानं सगळ्यांना माठातलं थंड पाणी दिलं.

दिवेलागणीला सगळे पिशव्या घेऊन घरी निघाले. दत्तूच्या बायकोनं दार उघडलं.

"सोडलं?"

"पकडलंच नाही."

तिनं त्याच्या हातातली पिशवी घेतली. ज्या गल्लीनं सकाळी रडून निरोप दिला, तिच्यासमोर दुसऱ्याच दिवशी दुकान उघडायची लाज वाटून दत्तू आठ दिवस मागच्या दारानं येत-जात होता. हे तो स्वतः सांगतो. पण ते सांगताना मशीन थांबवत नाही.

*

नानांच्या मते आमची संख्या कमी पडत होती. म्हणून पुढच्या मोर्चाला डोंगरातल्या धूलकोटकडची पन्नास-साठ माणसं बोलावली. आदल्या दिवशी निघून, चालत आली बिचारी. त्यांचा पुढारी रूपसिंग, उंच, काटक माणूस. आम्ही त्यांच्या हातात मराठी फलक दिले. त्यांनी ते सरळ धरून अख्खं गाव पालथं घातलं. इतका शिस्तीचा मोर्चा बऱ्हाणपुरात याआधी कधी निघाला नव्हता.

शेवटी नानांचं भाषण झालं. भाषण खरंच चांगलं होतं. "मूल ज्या भाषेत आईशी बोलतं, त्याच भाषेत त्याला पहिलं अक्षर कळलं पाहिजे," असं ते म्हणाले, आणि टाळ्यांत सर्वांत मोठा आवाज धूलकोटवाल्यांचा होता.

जेवणं झाल्यावर रूपसिंग माझ्याजवळ आला. "गुरुजी, वकीलसाब ने बात पक्की बोली. माँ की बोली में पढ़ाई. तो हमारे गाँव में कब से?"

"तुमच्या घरात काय बोलता?"

"बारेली."

आदिवासींची ती बोली मराठीही नव्हती, हिंदीही नव्हती. मी नानांकडे गेलो. नाना हात धूत होते. ऐकल्यावर बराच वेळ हात धूतच राहिले. मग म्हणाले, "ठरावात घेऊ."

ठराव लिहिणारा मीच होतो. नानांनी पुन्हा विषय काढला नाही आणि मीही लिहिलं नाही. पुढच्या मोर्चाला धूलकोटकडून एकही माणूस आला नाही. नाना म्हणाले, या लोकांना चळवळीचं भान नाही. मी मान हलवली. या सगळ्या किस्स्यांत मला स्वतःची लाज वाटते तो हा. दुकानात हा किस्सा मी सांगत नाही.

*

मग निवडणूक आली. मोर्चानं जमलं नाही, आता मतांनी दाखवू, असं ठरलं. भाऊसाहेब म्हणून एक कापसाचे व्यापारी अपक्ष उभे होते. ते आपणहून दुकानात आले, दत्तूच्या स्टुलावर बसले, आणि म्हणाले, "मराठी वर्गाचा प्रश्न मी विधानसभेत पहिला मांडीन. पहिलाच."

मंजुळाबाईंनी तापीकाठची गावं पायाखाली घातली. ज्या बाया उंबऱ्याबाहेर नाव सांगत नव्हत्या, त्या त्यांच्या मागे रांगा लावून मत द्यायला आल्या. भाऊसाहेब निवडून आले. सरकारी पक्षाचा उमेदवार पडला. आमच्या मतांवर पडला, हे सरकारी पक्षवालेही कबूल करत होते. त्या दिवशी नानांनी आयुष्यात पहिल्यांदा पेढा मागून घेतला.

पाच महिन्यांत भाऊसाहेब सरकारी पक्षात गेले. आम्ही भेटायला गेलो तर म्हणाले, "बाहेरून ओरडून काय होतं? आत राहून काम होतं."

आणि काम झालंही. त्यांनी पहिला प्रश्न मांडला तो केळीच्या वॅगनींचा. स्टेशनावर माल पडून सडतो, जादा वॅगनी द्या. भोपाळहून दिल्लीला चिठ्ठ्या गेल्या, आणि उन्हाळ्याच्या आत वॅगनी आल्या. इतक्या झपाट्यानं काम झालेलं आम्ही कधी पाहिलं नव्हतं.

नाना चिडून मंजुळाबाईंना म्हणाले, "पाहिलंत? तुम्ही दारोदार फिरलात त्याचं हे फळ."

मंजुळाबाई खाली बघत म्हणाल्या, "नाना, त्या वॅगनीत माहीच केळी गेली. औंदा एक घड सडला नही. मी आता कोनाले बोलू?"

*

शेवटी एक वर्ग उरला. लालबागेतला, माझा. तेवढ्यात नियम आला की वर्गाचा पट ठरावीक संख्येच्या खाली गेला तर मराठी वर्ग बंद करावा. पट खाली यायला सरकारला काही करावं लागलं नाही. पोरांना पुढे नोकरी हिंदीत लागणार हे आईबापांना कळत होतं. एकेक जण येऊन मुलाचं नाव हिंदी वर्गात घालून जात होता. त्यात नानांचा नातूही होता. नाना स्वतः आले नाहीत, मुलाला पाठवलं.

मंजुळाबाईंना कुणीतरी हे सांगितलं. त्या शाळेत आल्या. "गुरुजी, किती कमी पडू राहिले?"

"पाच."

दुसऱ्या दिवशी सकाळी बैलगाडी शाळेसमोर थांबली. मंजुळाबाई आणि त्यांच्या गावच्या चार बाया उतरल्या. प्रत्येकीच्या हातात पाटी. "नाव घाला," मंजुळाबाई म्हणाल्या.

मी घातलं. वयाच्या रकान्यात खरं वय लिहिलं. बेचाळीस, अडतीस, पस्तीस, पन्नास, एकेचाळीस. वर्गात सहा मुलं आणि पाच बाया. पहिले दोन दिवस मला वाटलं, पट भरायला आल्यात, बसतील मुकाट. तिसऱ्या दिवशी मी फळ्यावर ‘घ’ काढला आणि मागून मंजुळाबाईंचा आवाज आला, "गुरुजी, जरा हळू. माह्या ‘घ’चा ‘ध’ होऊ राहिला."

मग मी खरंच शिकवायला लागलो. पाणी भरून, भाकऱ्या थापून, शेतावर माणसं लावून त्या यायच्या. तीन महिने आल्या. अकरा वर्षं मास्तरकी करत होतो, पण रोज सकाळी वर्गावर जायची ओढ मला त्याच तीन महिन्यांत लागली.

इन्स्पेक्टर आले. हजेरीपट पाहिला, मग वर्ग पाहिला, मग पुन्हा हजेरीपट पाहिला. "ये कौन हैं?"

"विद्यार्थिनी."

"उमर?"

"लिहिलंय साहेब."

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, नियमात वयाचं काही लिहिलेलं नाही, तुमचं बरोबर आहे. ते आता लिहावं लागेल.

आणि लिहिलं. दीड महिन्यात सुधारित नियम आला. पटावर धरायच्या विद्यार्थ्याच्या वयाला मर्यादा घातली गेली. अर्ज, मोर्चे, सत्याग्रह, निवडणूक, एवढं सगळं करून आमच्या समितीनं सरकारचं धोरण बदलायला लावलं ते हे एवढंच.

त्यानंतर एका सोमवारी मी शाळेत गेलो तर वर्गाला कुलूप. दारावर हिंदीतला कागद चिकटवलेला. मी तिथेच उभा राहिलो. थोड्या वेळानं गाडी आली. पाचही जणी पाट्या घेऊन उतरल्या, कुलूप पाहून थबकल्या.

मी म्हणालो, "मंजुळाबाई, काय झालं, की..."

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "सांगू नका, गुरुजी. कागद हाये ना."

त्या पुढे झाल्या. पाटी काखेत धरली आणि पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. बाकीच्या चौघी त्यांच्या खांद्यावरून वाकल्या.

"म... रा... ठी. मराठी. क... क्षा. कक्षा." बोट पुढे सरकलं. "अ... नि..." तिथे थांबलं. बराच वेळ थांबलं. मागून एकीनं काहीतरी पुटपुटून पाहिलं, तेही जमलं नाही. मंजुळाबाईंनी तो शब्द सोडून बोट पुढे नेलं. "का... ल. के लि... ए. बं... द. बंद. की जा... ती है."

कागद संपला. त्यांनी पदरानं तोंड पुसलं, आणि बोट पुन्हा मघाच्या ‘अनिश्चित’वर नेऊन ठेवलं.

"हे मधलं जोडाक्षर राहिलं, गुरुजी," त्या म्हणाल्या. "हे तुमी आमाले शिकवलं नही."